निर्दोष सुटल्यानंतर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याला समन्स बजावून ती पायरी चढायला लावले, त्याचा विचार या म्हणीत नाही. त्याच्या शहाणपणाला कोणी विचारलेलेच नसते. त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो नंतर: निर्दोष सुटल्यावर तीच पायरी आपण होऊन पुन्हा चढावी का?

नागपूरच्या दक्षिण अंगाला हुडकेश्वर आहे; पूर्वीचे खेडे, आज ले-आउट आणि प्लॉटांनी शहराला जोडले गेलेले. तिथल्या एका गृहस्थाची आपण कल्पना करू. शेजाऱ्याने त्याच्यावर चोरीची फिर्याद केली. चार-सहा वर्षे तारखा पडल्या, बढती हुकली, मुलीचे जमत आलेले लग्न मोडले. आणि अखेर तो निर्दोष सुटला. वर्षाच्या आत त्याने शेजाऱ्यावर भरपाईचा दावा लावला. वकिलाच्या फीपुरते पैसे उरले नव्हते. शिवाय आपले दुःख आपल्याइतके दुसरा कोण सांगणार, म्हणून तो स्वतःच उभा राहिला. कायद्याची त्याला मुभा आहे. दावा फेटाळला गेला. अपील केले, तेही फेटाळले गेले.

हा अन्याय झाला, असे आपण चटकन म्हणतो. पण न्यायासन अशा दाव्यात काय विचारते ते पाहावे. खटला प्रतिवादीने घातला का, आणि तो वादीच्या बाजूने संपला का, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर असतात. पुढचे दोन प्रश्न अवघड. फिर्याद करायला वाजवी कारण नव्हते का? आणि ती दुष्टबुद्धीने केली होती का? हे सिद्ध करण्याचे ओझे वादीवरच असते. आमचा गृहस्थ स्वतःच्या छातीवरचे घाव दाखवीत राहिला. न्यायाधीश मात्र शेजाऱ्याच्या मनात काय होते ते विचारीत होते. ‘मी निर्दोष आहे’ आणि ‘तो दुष्ट आहे’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. पहिले सिद्ध झाले म्हणून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

आपल्याच इतिहासातला एक दाखला आठवावा. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो, असे समजून टिळक आणि आगरकर यांनी दिवाण बर्वे यांच्यावर कडक लिहिले. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली. तरी १८८२ साली बदनामीच्या खटल्यात शिक्षा झालीच, आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा आरोप खोटा ठरला. पण ते खोटे बोलले, असे कोण म्हणेल? बर्व्यांना झालेला त्रास मात्र तेवढ्याने कमी होत नाही. द्वेषाशिवायही माणूस माणसाला जबर दुखवू शकतो, ही गोष्ट कबूल करणे आपल्याला जड जाते.

आणि कायद्याने दार सताड उघडले, तर? आरोपी सुटला की फिर्यादीच्या घरावर जप्ती, असे झाले तर मालकाविरुद्ध मोलकरीण, सावकाराविरुद्ध कुळ चौकीवर जायला धजणार नाही. दार अरुंद ठेवले आहे ते दुबळ्यांच्या तक्रारीला वाट राहावी म्हणून. हे मला पटते. परंतु ते पटल्यावरच खरी टोचणी सुरू होते. कारण सर्वांच्या या सोयीची किंमत एकट्या त्या गृहस्थाने चुकवलेली असते. पुरेशा कारणावाचून एखाद्याला पोलिसांकरवी अटक करविली, तर मॅजिस्ट्रेटला भरपाई देववता येते. पण तिची कमाल मर्यादा १,००० रुपये आहे. चुकीच्या खटल्यांची भरपाई शासनाने द्यावी, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७७ व्या अहवालात केली. १ जुलै २०२४ पासून नवी फौजदारी संहिता लागू झाली. ती तरतूद तिच्यात आली नाही.

इंग्लंडचे न्यायाधीश होल्ट यांनी १६९८ साली अशा खटल्याने होणारी हानी तीन प्रकारची सांगितली: नावाची, देहाची आणि पैशाची. पैशाची भरपाई शासनाने करावी, देहाच्या यातनांचेही काही मोल द्यावे. नाव मात्र कोणत्याच कोर्टाच्या तिजोरीत नसते. ते शेजारपाजारच्या घरांत ठेव म्हणून असते, आणि फिर्याद झाली त्या दिवशी आपणच ती ठेव दडपून बसलेलो असतो. ‘सुटला खरा, पण काहीतरी असेलच’, असे ओट्यावर बसून म्हणणारे आपण कोणाविरुद्धही फिर्याद करीत नाही; म्हणून आपल्यावर कोणी दावाही लावू शकत नाही. त्या गृहस्थाने अपिलात मागितले होते ते वास्तविक आपल्याकडून येणे होते.

दिवाळीत फराळाची ताटे घरोघर जातात. आपल्या आळीत असे एखादे घर असेल, जिथे गेली काही वर्षे ताट गेलेले नाही. यंदा तिथे जावे. ताट नोकराबरोबर धाडू नये. आपण स्वतः न्यावे, आणि दारातून न परतता घटकाभर आत बसावे.