नावातलं अंगण

किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग. बालवाडीतली वाडीही बागेचीच. कोकणात नारळी-पोफळीची असते तीच. अंगणवाडीत तर अंगण आणि वाडी दोन्ही आहेत. शाळेत जाण्याआधीच्या मुलांसाठी ज्यांनी ज्यांनी जागा शोधली, त्यांना नाव सुचलं ते उघड्यावरचं. आज 'केजी' म्हणताना त्या बागेचं एक अक्षर तेवढं तोंडात येतं, तेही बहुतेक चौथ्या मजल्यावरच्या वर्गाचा पत्ता सांगताना.

ही बाग पहिल्यांदा लावली ती जर्मनीतल्या फ्रीड्रिख फ्रोबेलनं. 1837 मध्ये थुरिंगियातल्या ब्लँकेनबुर्ग गावी त्यानं लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि 1840 मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. तोवर एवढ्या लहान मुलांना सांभाळायचं, फार तर प्रार्थना आणि शिस्त लावायची, अशीच समजूत होती. फ्रोबेलनं त्यांच्या हाती लोकरीचे सहा रंगांचे चेंडू दिले, त्यांना फेर धरून खेळायला लावलं आणि बागेत ज्याचा त्याचा वाफा नेमून दिला. या वयाचा अभ्यास म्हणजे खेळच, असं त्याचं म्हणणं. प्रशियाच्या सरकारला यात नास्तिकपणा आणि समाजवाद दिसला आणि 1851 मध्ये बंदी आली. पुतण्या कार्लच्या विचारांचा राग काकावर निघाला, असं सांगतात. पुढच्याच वर्षी फ्रोबेल गेला. बंदी उठली 1860 मध्ये.

सरकारला जे जमलं नाही, ते अनुयायांच्या भक्तीनं करून दाखवलं. चेंडू आणि ठोकळे कोणत्या क्रमानं द्यायचे ते ठरलं, चौकटी आखलेली टेबलं आली आणि बागेतली मुलं पुन्हा खाली बसली.

त्यांना उठवायला एक डॉक्टर यावी लागली. मारिया माँटेसोरीनं 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. मुलांच्या पाठीला बाक येऊ नये म्हणून त्या काळी शास्त्रशुद्ध बाकडी तयार होत होती. बाकडं सुधारत बसण्यापेक्षा मुलाला उठू द्या, असं तिचं साधं म्हणणं होतं. तिची नजर शरीर पाहणारी होती. धड मोठं आणि पाय आखूड असलेलं लहान मूल चालून लवकर दमतं, हे तिनं हेरलं होतं. अंगणातल्या तारेच्या कुंपणाला हातांनी धरून, खालच्या तारेवर पाय टेकून मुलं आडवी सरकतात, हे तिनं पाहिलं आणि तसलंच बुटकं कुंपण व्यायामाचं साधन म्हणून करवून घेतलं. मोठ्यांची कवायत लहान करून मुलांना देणं आणि मुलं जे आपणहून करतात त्याला साधन पुरवणं, यातला फरक या कुंपणात दिसतो.

तिचा विचार भावनगरला पोचला तो गिजुभाई बधेकांकडे. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या या माणसानं 1920 मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण खरी कसोटी लागली 1945 मध्ये, ताराबाई बोर्डी या खेड्यात आल्या तेव्हा. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे आणि बांबू कामाला आले. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात जाऊन भरली. अंगणवाडी ती हीच.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा तर सगळा प्रश्नच उलटा झाला. रोममध्ये बसवलेल्या मुलांना उठवायचं होतं. इथली मुलं बसलेलीच नव्हती. गुरांमागे धावणं, झाडावर चढणं, ओढा ओलांडणं हा त्यांचा रोजचा दिवस. त्यांच्या शरीराला शिकवण्यासारखं फारसं काही नव्हतं. ते शाळेत आणून बांधून घालायचं नाही, एवढंच पाळायचं होतं. म्हणून शिक्षकच कुरणात गेले. फ्रोबेलच्या कल्पनेला यापेक्षा मोकळं रूप क्वचितच मिळालं असेल.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांनी सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. अंगण मात्र प्रत्येक ठिकाणी त्याच्याबरोबर गेलं नाही. शहरी वस्त्यांत अंगणवाडी भरते ती पुष्कळदा भाड्याच्या एका खोलीत. तिथेच वजनकाटा, तिथेच आहार, तिथेच नोंदवह्या. सेविकेनं पळापळीचा खेळ घ्यायचा तो कुठे?

2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हालचालीचं मोजमापच ठरवून दिलं. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी असावीत. बाबागाडीत किंवा पट्ट्यानं बांधून त्याला सलग तासाभराहून जास्त ठेवू नये. भारताच्या 2022 च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यातही खेळ केंद्रस्थानी आहे. गुराख्याच्या पोरानं ही 180 मिनिटं न्याहारीआधीच पुरी केली असती.

हालचालीची कमतरता भरायला बाजार धावून आलाच आहे. चार वर्षांच्या मुलांसाठी स्केटिंगचे, फुटबॉलचे, टेनिसचे वर्ग निघाले आहेत. गणवेश, शिट्टी, गळ्यात पदक. पण या वयाचं मूल धावणं, उडी, झेल आणि तोल यांच्याशीच झटत असतं. एका पायावर उडी घेणं साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी जमू लागतं, तेव्हा कुठे लंगडी सुरू होते. खो-खो त्याच्या पुष्कळ पुढे. रेषा, पाळी, बाद होणं हे सगळं कळायला वेळ लागतो.

मराठी गल्लीनं यावर तोड केव्हाच काढून ठेवली आहे, आणि ती कुठल्या आराखड्यात सापडत नाही. शिवाशिवीत धाकटं भावंड घ्यायचं असलं की मोठी मुलं जाहीर करतात, हा कच्चा लिंबू. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, लपतो. त्याला पकडलं तरी राज्य त्याच्यावर येत नाही. नियम बाकीच्यांसाठी चालू राहतात. मग एखाद्या संध्याकाळी तोच पाय आपटून सांगतो की आता मी कच्चा लिंबू नाही, आणि पाच मिनिटांत त्याच्यावर राज्य येतं.