आकरज तेज

अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राच्या उंबरठ्यावरचा लहानसा ग्रंथ ज्यांनी विद्यार्थिदशेत घोकला असेल, त्यांना तेजाचे चार प्रकार अजून आठवत असतील: चुलीत जळते ते भौम, विजेत चमकते ते दिव्य, जठरात अन्न पचवते ते औदर्य आणि खाणीत सापडते ते आकरज. या चौथ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून ग्रंथकाराने सोने सांगितलेले पाहून, हाताला थंड लागणाऱ्या या जिनसेला अग्नी म्हणावे तरी कसे, या विचाराने त्यांचेही मन माझ्यासारखेच घुटमळले असेल. ही शंका शास्त्रकारांनीही टाळलेली नाही. सोने पिवळे आहे, जड आहे, सबब हळदीप्रमाणे ते पार्थिवच मानावे, असा पूर्वपक्ष मांडून ते उत्तर देतात की तूप अतिशय तापवले तर त्याचा द्रवपणा अखेर नष्ट होतो, सोने मात्र कितीही तापवले तरी वितळलेलेच राहते, म्हणून ते पृथ्वी नव्हे. पिवळेपणा आणि जडपणा हे त्यात मिसळून राहिलेल्या पार्थिव भागाचे गुण होत. आजच्या रसायनशास्त्रापुढे हा युक्तिवाद टिकणार नाही हे उघड आहे. तरीही सोने मुळात अग्नीचे की मातीचे, हा वाद ज्या निष्ठेने आपल्या पंडितांनी चालवला, ती पाहता त्याचे दप्तर बंद करण्यापूर्वी, पृथ्वीच्या पोटातील शिलारसापासून धातूंच्या खाणी कशा झाल्या याविषयीची भूशास्त्राची साक्ष त्यात दाखल करून घ्यावी, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

त्या साक्षीतील पहिली गोष्ट अशी की, धातू जेथे मुळीच नाही असा दगड मिळणेच कठीण. भूकवचातील सर्वसाधारण दगडात टनामागे ५०-६० ग्रॅम तांबे आणि काही मिलिग्रॅम सोने असते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात तर तांबे टनामागे १०० ते २०० ग्रॅमपर्यंत भरते. पण एवढ्याने खाण होत नाही. चिली देशात अँडीजच्या कुशीतील चुकिकामाता येथे ज्या दगडातून तांबे काढतात, त्यात ते टनामागे ५ ते १० किलोग्रॅमच्या घरात असते. तिळात तेल आधीपासूनच असते, कार्य कारणात अगोदरच नांदत असते, असे म्हणणाऱ्या सांख्यांना येथे आनंद व्हावा; परंतु खरी अडचण असण्याची नाही, निघण्याची आहे.

माझ्या आजीच्या घरी पहाटे दही घुसळायला घेत. उन्हाळ्यातल्या एखाद्या सकाळी रवीची दोरी कितीही वेळ ओढली तरी लोणी येत नसे. पांढऱ्या फेसात मोहरीएवढे कण फिरत, पण एकमेकांना धरत नसत. मग आजी डेऱ्यात वाकून पाही, माठातले गार पाणी ओंजळभर घेऊन आत शिंपडी, आणि चार-दोन हिसड्यांत तेच कण रवीच्या पाकळ्यांशी गोळा होऊन येत. ते लोणी पाण्यातून आले नव्हते. पण पाण्यावाचूनही ते आले नसते.

शिलारसात घडते ते याहून फारसे निराळे नाही. त्या धगधगत्या द्रवात विरघळू शकेल त्याहून अधिक गंधक झाले, की पाण्यातून तेल सुटावे तसे गंधकी द्रवाचे थेंब त्यातून वेगळे होतात, आणि निकेल, तांबे, प्लॅटिनम यांची ओढ दगडापेक्षा गंधकाकडे अधिक असल्यामुळे हे धातू भोवतालच्या रसातून त्या थेंबांत शिरतात. थेंब जड असतात, ते खाली बसतात, खोलगट जागी साचतात. आता दोन प्रदेश शेजारी ठेवून पाहावेत. सुमारे २५ कोटी २० लक्ष वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हाचे जे अवाढव्य लोट आले, त्यांच्याशी निगडित अशा नोरिल्स्कच्या खाणी निकेल, तांबे आणि पॅलेडियम यांच्या जगातील अग्रगण्य साठ्यांत गणल्या जातात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवरही तसाच, मूलतः त्याच जातीचा लाव्हा पसरला. आजही तो ५ लक्ष चौरस किलोमीटरांच्या आसपास भूमी व्यापून आहे आणि सह्याद्रीच्या अंगाला त्याची जाडी २ किलोमीटरांच्या घरात जाते. पण नोरिल्स्कसारखा साठा त्यात आजवर आढळलेला नाही. भंडाऱ्याचे मँगनीज, सुरजागडचे लोखंड ही महाराष्ट्राची खनिजसंपत्ती या काळ्या चादरीच्या बाहेर, तिच्याहून कितीतरी पुरातन दगडांत आहे. हा भेद का पडला, याचे बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य असलेले कारण असे की, सायबेरियातील शिलारस वर चढताना वाटेत कोळशाचे थर आणि जिप्समच्या जातीचे गंधकयुक्त थर लागले, त्यांतील गंधक त्याने आत्मसात केले, आणि तेच आजीच्या ओंजळीतले गार पाणी ठरले.

ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात, जड प्रकृती आपोआपच परिणाम पावते या सांख्यमताचे खंडन करताना शंकराचार्यांनी गवताचा दाखला घेतला आहे. गवताचे दूध स्वभावतःच होते असे प्रतिपक्षी म्हणतो. आचार्य विचारतात की तसे असेल तर गाईने खाल्लेल्या गवताचेच दूध का व्हावे, बैलाने खाल्लेल्याचे का होऊ नये? सायबेरियाच्या आणि दख्खनच्या लाव्हाविषयी वाचताना हा दाखला मला आठवला आणि दीर्घकाळ मनातून गेला नाही. निमित्तावाचून परिणाम नाही, ही आचार्यांची पकड इतकी अचूक आहे की भूशास्त्राच्या कोणत्याही प्रबंधाने ती बिनशर्त मान्य करावी. परंतु त्या निमित्ताच्या मागे चेतन अधिष्ठाता असलाच पाहिजे, या त्यांच्या पुढच्या पावलाशी मी थबकतो. नोरिल्स्कखालचे गंधक चेतन नव्हते, आणि ते तेथे कोणी आमच्यासाठी राखून ठेवले होते असे मानणे मला श्रद्धेचेही वाटत नाही. ज्याने हे सर्व व्यापले आहे त्याला, जिन्नस मोजून कोठारात ठेवणाऱ्या कोठावळ्याच्या पायरीवर आणून बसवणे, ही भक्ती खचितच नव्हे.

सांख्यांचाही एक दाखला दुधाचाच आहे: वासराच्या वाढीसाठी न जाणताच दूध पान्हावते, तशी प्रकृती पुरुषासाठी प्रवृत्त होते. या दाखल्याने आपली एक समजूत घट्ट केली, की पृथ्वी गाय असेल तर वासरू अर्थातच आपण. ज्या कथेवर ही समजूत विसावते, ती भागवताच्या चौथ्या स्कंधातील पृथुराजाची कथा मात्र काळजीपूर्वक वाचावी. पृथ्वीने धान्ये गिळून टाकली म्हणून राजा धनुष्य घेऊन तिच्यामागे धावला. गाईचे रूप घेऊन पळणारी पृथ्वी अखेर म्हणाली, मला योग्य वासरू आण, भांडे आण, दोहन करणारा आण. पृथूने मनूला वासरू केले आणि आपल्या हाताच्या ओंजळीत धान्ये व वनस्पती दोहून घेतल्या. मग ऋषी आले, देव आले, असुर आले. ज्याचे जसे वासरू, त्याला तसे दूध मिळाले. पर्वतही आले, आणि हिमालयाला वासरू करून त्यांनी आपापल्या शिखरांसाठी नाना धातू दोहून नेले. मनूच्या नावे जो हिस्सा लागला तो धान्याचा. धातूंचा हिस्सा पर्वतांचा. मालकीचा हा फेरफार नंतर कोणी, कोणत्या सनदेने केला, हे पुराणात नाही.

कोलारच्या सोन्याकडे मी याच कथेतून पाहतो. तेथील सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेल्या दगडांना खोल भेगा पडल्या, भूगर्भातील उष्णतेने तापलेले पाणी विखुरलेले सोने विरघळवून त्या भेगांतून वर आले, आणि निवताना गारगोटीच्या शिरांत ते ठेवून गेले. तेव्हा नैयायिकांचा अग्नी, पूर्वपक्षाची पृथ्वी आणि ज्याचे नावही कोणी काढले नव्हते ते जल, असे तिघेही या वादात खरे ठरले. १८८० मध्ये तेथे जॉन टेलर आणि मंडळींचे आधुनिक खाणकाम सुरू झाले, ३ किलोमीटरांहून अधिक खोल गेले, सुमारे ८०० टन सोने बाहेर आले, आणि २००१ साली खाणी बंद झाल्या. गाईच्या कासेत उद्या सकाळी पुन्हा दूध येते. त्या शिरांत सोने पुन्हा येण्याची मुदत मनुष्याच्या कोणत्याही पंचांगात बसत नाही. तेथे आता उभ्या आहेत त्या दळलेल्या दगडाच्या करड्या टेकड्या, ज्यांना गावचे लोक सायनाइडचे डोंगर म्हणतात. सोने काढून घेतल्यावर उरलेल्या चुऱ्याचे हे पर्वत, आणि खाणी मिटल्यावर मागे राहिलेले गाव त्यांची धूळ सोसते आहे, याचे मला मनापासून दुःख आहे.

दख्खनच्या लाव्हातले तांबे मात्र कोणी गोळा केले नाही. तो दगड उन्हापावसात कुजून काळी माती झाली, आणि तांबे तिच्यात जेथल्या तेथे राहिले. रब्बीच्या ज्वारीचे ताट उपटले की मुळांशी मातीचा जो चिकट, काळाभोर गड्डा येतो, त्यात ते असते. अन्नरसाबरोबर लेशमात्र वर चढते आणि कणसातल्या दाण्यात उतरते. त्याच ज्वारीच्या पिठाची भाकरी आजी परातीत थापी, आणि तव्यावरून काढली की तिच्यावर सकाळचे लोणी ठेवी.