कारागिराचा रकाना

पुण्यातल्या एका मुलीला संग्रहालयशास्त्राच्या वर्गात काम मिळालं. आज वापरात असलेली एक वस्तू निवडायची आणि ती संग्रहालयात दाखल होते आहे असं समजून तिचं नोंदपत्रक भरायचं. कुणी हेडफोन आणला, कुणी हेल्मेट. हिने आजीचा मोबाइल ठेवायचा बटवा निवडला. हिरव्या खणाचा, वर मण्यांची वेलबुट्टी.

निवड अगदी योग्य होती. शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय अशाच घरगुती वस्तूंवर उभं आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमवू लागले आणि संग्रह 20,000 च्या वर गेला. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. दिवे, फण्या, वज्र्या, अडकित्ते. हे सगळं मोडीत जायचं, ते त्यांच्यामुळे राहिलं, हे उपकार फार मोठे आहेत. पण एखादा नक्षीदार अडकित्ता बघताना त्याच्या पात्याला धार कुणी दिली हे जाणून घ्यावंसं वाटतं, आणि इतक्या वर्षांनी ते विचारायचं तरी कुणाला?

मुलीने फूटपट्टी लावून पत्रक भराभर भरलं. साहित्य: खण, सुती अस्तर, काचेचे मणी. कारागीर: अज्ञात.

आजीने चष्मा लावून कागद वाचला. “अज्ञात कशी गं? बोळाच्या तोंडाशी राहते ती. जा, विचारून ये.”

शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी मशीन थांबवलं आणि बटवा आतून उलटा केला.

“ही दुहेरी टीप दिसते ना? आजींचा आधी बटणांचा फोन होता. मोठा घेतला तेव्हा दोन्ही बाजूंना पट्टी घालून वाढवला. मणी माझ्या रुखवतातल्या तोरणाचे. ते तुटलं, मणी डब्यात पडून होते.”

“आणि चेन का नाही लावली?”

“आजींची बोटं आखडलीत, चेनचं टोक धरवत नाही त्यांना. म्हणून दोऱ्याचा फास आणि हा मोठा मणी. नुसत्या अंगठ्याने निघतो, बघ. खालच्या बाजूला मणी मुद्दाम नाही लावले, चार्जरची पिन अडकते.”

मुलीने हे सगळं लिहून घेतलं. मग पूर्ण नाव विचारलं. वहिनींनी ते माहेरच्या आडनावासकट सांगितलं आणि म्हणाल्या, “पण खण काही मी विणलेला नाही हं. लक्ष्मी रोडवरून आणला. गुळेदगुड्डचा आहे म्हणाला दुकानदार.”

“विणला कुणी?”

“ते नाही विचारलं.”

घरी येऊन तिने नवं पत्रक घेतलं. कारागिराचा रकाना पुरेना, म्हणून मजकूर मागच्या बाजूला गेला. शिवण आणि मणीकाम, पुढे वहिनींचं नाव. फास कुणासाठी आणि का, तेही. खणापुढे हात सवयीने पुन्हा ‘अज्ञात’ लिहू लागला. तिने ते खोडलं आणि लिहिलं: “गुळेदगुड्ड, कर्नाटक. विणकराचं नाव आम्ही विचारलं नाही.”

पत्रक सोमवारी द्यायचं होतं. शनिवारी वहिनींकडून खणाचा उरलेला तुकडा घेऊन ती लक्ष्मी रोडवरच्या त्या दुकानात गेली.