खासगी, दौलत आणि जुनी मोटार

एखाद्या वस्तूवर मनुष्याचा जीव जडला, तिचा नित्याचा उपयोग जवळजवळ संपला, आणि तिला पोसण्याचा खर्च मात्र वर्षानुवर्षे वाढतच चालला, तर ती जवळ बाळगणे योग्य की अयोग्य? इंदुरात अशी पुष्कळ घरे आहेत की जेथे वडिलांच्या वेळची मोटार अद्याप राखलेली आहे; कोठे फियाट ११००, कोठे ॲम्बॅसडर, क्वचित त्याहूनही जुनी एखादी विलायती गाडी. त्या घरांतून हा प्रश्न मधूनमधून निघतच असतो. २०२१ साली मध्यप्रदेशात पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली, तेव्हापासून तो जरा चढ्या आवाजात निघू लागला. वरवर पाहता हा घरखर्चाचा प्रश्न दिसतो. परंतु थोडे खोल गेल्यास तो परिग्रहाचा प्रश्न आहे असे आढळून येते, आणि परिग्रहाविषयी आपल्या परंपरेने पुष्कळ विचार केलेला आहे. म्हणून आधी हिशेब आणि मग धर्म, अशा क्रमाने त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हिशेब. फियाटसारखी गाडी शहरात लिटरला सुमारे दहा किलोमीटर चालते असे धरू. केवळ हौसेखातर राखलेली गाडी महिन्यातून दोनदा बाहेर काढली, आणि वर्षाकाठी तीनशे किलोमीटर चालली, तर तीस लिटर पेट्रोल लागेल. शंभर रुपये दर धरल्यास ही रक्कम तीन हजारांची होते. हीच गाडी रोज वीस किलोमीटर, वर्षातून तीनशे दिवस हाकली, तर सहाशे लिटर, म्हणजे साठ हजार रुपये लागतील. यावरून एक गोष्ट उघड होते. जो मनुष्य गाडी केवळ प्रेमाने बाळगतो, त्याला पेट्रोलच्या भाववाढीने फारसे दुखावयाचे कारण नाही. त्याचा खरा खर्च टायर, विमा, सुटे भाग, मिस्त्रीची मजुरी आणि गाडी उभी करण्याची जागा यांतच होतो. पेट्रोलचे नाव पुढे करून जेव्हा घरात भांडण होते, तेव्हा भांडणाचे मूळ बहुधा दुसरीकडे असते.

ते कोठे असते याचे एक उदाहरण आमच्या वकिलीच्या निमित्ताने आम्हांस पाहावयास मिळाले. एका सुशिक्षित कुटुंबात वडिलांनी १९६० नंतरच्या दशकात, मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे त्या काळात घेतलेली फियाट होती. वडील गेले. गाडी मोठ्या मुलाने राखली, आणि फार निष्ठेने राखली. पुढे भावाभावांत वाटणीचा तंटा उभा राहिला, तेव्हा धाकट्या भावाने गाडीच्या किमतीत हिस्सा मागितलाच नाही. त्याचे गाऱ्हाणे निराळे होते. ज्या वर्षी इंजिनाचे बोअर केले गेले, त्याच वर्षी आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘पुढल्या हिवाळ्यात पाहू’ म्हणून लांबणीवर टाकली गेली होती. मोठ्या भावाने उत्तर दिले, ‘अहो, ही गाडी म्हणजे बाबांची आठवण आहे.’ आई त्या वेळी तेथेच बसली होती. ती काही बोलली नाही. पण ज्यांची आठवण जपली जात होती, त्यांची पत्नी अंधुक दिसणाऱ्या डोळ्यांनी त्या खोलीत बसली होती, हे सर्वांच्याच ध्यानात आले.

आपल्या धर्मशास्त्राने या ठिकाणी काही संदिग्धता ठेविलेली नाही. पोष्यवर्गाचे पोषण आधी, दानधर्मही त्यानंतर. आश्रितांना उपाशी ठेवून केलेले दान हे धर्माचे सोंग होय, असाच शास्त्रकारांचा आशय आहे. जेथे दानालाही ही मर्यादा आहे, तेथे हौसेची काय कथा? १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलामुलींवर टाकली, ती याच जुन्या भूमिकेला अनुसरून. तेव्हा पहिली कसोटी ही की, गाडीवर खर्च होणारा रुपया घरातील कोणाच्या हक्काचा तर नाही ना? ही कसोटी जो उतरत नाही, त्याने पितृभक्तीचे नाव घेऊ नये.

परंतु ही कसोटी उतरली म्हणजे सारे संपले काय? घरातील सर्वांचे यथास्थित चालले आहे, मागे कर्ज नाही, आणि मनुष्य म्हणतो, ‘माझा पैसा, माझी गाडी, माझे पेट्रोल, इतरांनी विचारण्याचे कारण काय?’ या उत्तराची तपासणी करण्यास इंदूरसारखे दुसरे शहर नाही; कारण ‘माझे’ आणि ‘सर्वांचे’ यांतील भेद येथे राज्यकारभाराचा एक भागच होऊन राहिला होता.

होळकरांच्या राज्यात खासगी आणि दौलत अशी दोन खाती वेगळी असत. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगीचा मुलूख तोडून दिला. पुढे ती खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर अशा ठिकठिकाणी त्यांनी जी देवळे, घाट व धर्मशाळा उभारल्या, त्यांचा खर्च या खासगीतून केला, दौलतीतून नव्हे, असेच इतिहास सांगतो. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. खासगी म्हणजे वाटेल तसे उधळण्याचा अधिकार, असा अर्थ अहिल्याबाईंनी केला नाही. दौलतीला हात न लावता जे स्वतःचे, तेही त्यांनी लोकांच्या उपयोगी लाविले. पुढे १९६२ साली या देवस्थानांसाठी इंदुरात खासगी विश्वस्तसंस्था स्थापन झाली, आणि तिच्या मालमत्तेविषयीच्या वादात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सार्वजनिक न्यासच आहे आणि तिला त्या कायद्याची बंधने लागू आहेत असा निर्णय दिला. नाव खासगी राहिले, पण वस्तू सर्वांची झाली. कायद्याच्या विद्यार्थ्याने मनन करावे असा हा प्रवास आहे.

याच घराण्यातील दुसरे चित्र पाहा. १९२६ साली गादीवर आलेले यशवंतराव होळकर (दुसरे) हे मोठे रसिक. एकार्ट मुथेसियुस या जर्मन वास्तुशास्त्रज्ञाकडून त्यांनी माणिकबाग हा नव्या घडणीचा राजवाडा बांधून घेतला, आणि मोटारींचा शौकही तसाच केला. त्यांच्यासाठी १९३० नंतरच्या दशकात तयार झालेल्या अमेरिकन ड्यूसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने साज चढविला होता. जवळजवळ सात लिटरच्या आठ सिलिंडरांचे ते इंजिन किती पेट्रोल पीत असेल याची कल्पना करता येते. आज जगातील सुंदर मोटारींत तिची गणना होते; पण ती इंदुरात नाही, परदेशी गेली. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, आणि माणिकबागेत कालांतराने केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय आले. ज्या वास्तूच्या अंगणात त्या गाड्या उभ्या राहत, तेथेच पेट्रोलवर अबकारी कर घेणाऱ्या खात्याने बसावे, हा काळाचा एक विनोदच म्हणावयाचा. अहिल्याबाईंचे घाट मात्र जेथे होते तेथेच आहेत, आणि त्यांवर लोक अजून स्नानास उतरतात.

यावरून रसिकतेची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. ती ड्यूसेनबर्ग घडविणाऱ्या कारागिरांचे हात धन्य होत. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, खासगी आणि दौलत हे दोन शब्द आजच्या साध्या गृहस्थालाही लागू पडतात. त्याची मोटार खासगीतली, हे खरे. परंतु तिच्या टाकीतले पेट्रोल? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा फार मोठा भाग, सुमारे पंच्याऐंशी टक्के, बाहेरून आणावा लागतो, आणि त्याचे मोल साऱ्या देशाच्या गंगाजळीतून जाते. १९७३ साली तेलाचे भाव एकाएकी चढले, तेव्हा ग्वाल्हेरचे अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले होते. पेट्रोल ही कोणा एकाची बाब नव्हे हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. आणि धूर? जुन्या इंजिनाला धूर शुद्ध करणारी आजची साधने नसतात. तो धूर मालकाच्या अंगणापुरता राहत नाही. समोरच्या घरातील दमेकऱ्यालाही तो घ्यावा लागतो. म्हणजे गाडी खासगीतली असली तरी तेल आणि हवा ही दौलतीतली आहेत. किंमत मोजली म्हणून दौलत खासगी होत नाही.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करण्याचे कर्तव्य सांगितले आहे, आणि लगेच त्याच्या पुढल्याच खंडात निसर्गाचे रक्षण करण्याचे. दोन्ही कर्तव्ये शेजारी शेजारी बसविली आहेत. एकाने दुसऱ्याला उठवावे असे घटनाकारांनी कोठेही म्हटलेले नाही. मग दोहोंचा मेळ कसा घालावा?

येथे आमच्या देवळांचा दाखला उपयोगी पडतो. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेचा किंवा मंगेशीचा रथ आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. वर्षभर तो उभा असतो. जत्रेच्या दिवशी तो निघतो, आणि तोही देवळाच्या आवारात. हिशेबनीस म्हणेल की एवढ्या थोड्या वाटेसाठी एवढे लाकूड, एवढे कोरीवकाम, एवढी देखभाल कशाला? तरी कोणी तो मोडीत काढा असे म्हणत नाही. कारण तो रथ रोजच्या वापरासाठी नाहीच, आणि तो पुजाऱ्याचा किंवा महाजनांचा म्हणून कोणी राखीत नाही. तो ओढण्यास सारा गाव हात लावतो. उलट पुरीस पाहावे, तर श्रीजगन्नाथाचे तिन्ही रथ दरवर्षी नवे बांधतात. यात्रा संपली की ते सोडवून टाकतात, आणि त्यांचे लाकूड देवाच्या मुदपाकखान्यात जळणास लागते. म्हणजे जपणे आणि सोडणे, या दोन्ही रीती आपल्याकडे धर्म्य मानल्या आहेत. दोहोंत समान असे एकच आहे की, रथाला ‘माझा’ म्हणणारा तेथे कोणी नसतो.

अपरिग्रहाचा अर्थ काहीच न बाळगणे असा गृहस्थाने केला तर त्याचा संसार चालणार नाही. गृहस्थासाठी त्याचा अर्थ विश्वस्ताच्या वृत्तीने बाळगणे असा घेता येतो. विश्वस्ताला वस्तूवर प्रेम करण्यास मनाई नाही. मनाई आहे ती तिचा उपभोग स्वतःपुरता ठेवण्यास. जुनी मोटार राखणारा असा विश्वस्त होऊ शकतो. कार्ब्युरेटर कानाने ऐकून जुळविणारे मिस्त्री आता थोडे उरले. त्यांच्या हाताखाली एखादा मुलगा शिकावा एवढे काम त्याने द्यावे. शेजारची पोरे गाडी पाहण्यास आली तर बॉनेट उघडून दाखवावे. इंजिन नीट जुळवून धूर कमीत कमी ठेवावा. कित्येक गाड्यांनी २००० साली शिसेविरहित पेट्रोलाशी जमवून घेतले, आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाशी घेत आहेत. त्यासाठी जुन्या रबरी नळ्या बदलणे आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साचू न देणे, ही कामे मालकालाच करावी लागतात. हा खर्च पेट्रोलच्या खर्चाहून मोठा, आणि प्रेमाची परीक्षा होते ती येथे.

नित्य वापराचे काय, याचे उत्तर कायद्यानेही दिले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, पहिल्या विक्रीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या वाहनांचा एक निराळा वर्ग केला गेला. या वर्गात नोंदलेली गाडी प्रदर्शनास, संशोधनास, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यास, तसेच पेट्रोल भरण्यास व दुरुस्तीस नेता येते. नित्याच्या किंवा धंद्याच्या वाहतुकीस नाही. आम्हांस हा नियम शहाणपणाचा वाटतो. जत्रेपुरता निघणारा रथ आणि भाड्याचा टांगा यांतला भेद त्याने ओळखला आहे. ज्याची गाडी पन्नास वर्षांची झालेली नाही, किंवा या वर्गात नोंदलेली नाही, त्यानेही हा नियम आपल्या मनाशी लावून घ्यावा. बाजारहाटाला दुसरे वाहन आहे, बस आहे, पाय आहेत.

तेव्हा आमचा निर्णय असा. घरच्यांचे देणे भागले असेल, दौलतीतून उचल अगदी थोडी होत असेल, आणि जपण्याचे कष्ट स्वतः घेऊन दर्शनाचा आनंद चारचौघांस मिळत असेल, तर भाव कितीही चढले तरी ती मोटार राखण्यात अधर्म नाही. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर पेट्रोल स्वस्त झाले तरी ती राखण्यात पुण्य नाही. आणि एक दिवस असा येतो की हात थकतात, मुलांना आवड नसते, आणि गाडी छपराखाली गंजू लागते. त्या वेळी हट्टाने धरून ठेवण्यापेक्षा, जो तिला चालती ठेवील अशाच्या हाती ती सोपवावी; मृत्युपत्रात तसे लिहून ठेवावे, म्हणजे भावाभावांत तंटा होत नाही.

आम्ही वर सांगितलेल्या कुटुंबात अखेर तडजोड झाली. आईचे दोन्ही डोळे झाले, आणि गाडीही घरातच राहिली. तिचा खर्च मात्र दोघे भाऊ निम्मा निम्मा उचलतात. गणपतीत ती बाहेर निघते, तेव्हा पुढल्या आसनावर आई बसते.