न रडणारा आवाज

६ ऑगस्ट २०२०. बेलारूसमधली अध्यक्षपदाची निवडणूक तीन दिवसांवर आलेली. मिन्स्क शहरातल्या एका बागेत विरोधी उमेदवार स्वेतलाना त्सिखानोव्स्काया यांचे समर्थक जमणार होते. ते जमू नयेत म्हणून प्रशासनाने त्याच जागी, त्याच वेळी एक सरकारी कार्यक्रम लावला. लोक तरीही आले. कार्यक्रमाची ध्वनिव्यवस्था सांभाळायला सरकारी युवाकेंद्राचे दोन तरुण कर्मचारी होते. ठरलेली गाणी वाजवता वाजवता त्यांनी मध्येच एक वेगळंच गाणं लावलं आणि दोघेही हात उंचावून उभे राहिले. गर्दीने पहिल्या काही सुरांतच गाणं ओळखलं. वरिष्ठांनी धावत येऊन ते बंद पाडलं आणि त्या दोघांना दहा दहा दिवसांची कोठडी मिळाली.

गाण्याचं नाव ‘पेरेमेन’, म्हणजे बदल. ते साधारण १९८६ सालचं. गायक विक्टर त्सोय. मिन्स्कच्या त्या बागेत त्याचा आवाज घुमला, तेव्हा त्याला जाऊन तीस वर्षं होत आली होती. गर्दीतल्या निम्म्याअधिक लोकांचा जन्मसुद्धा बहुधा त्याच्या मृत्यूनंतरचा असेल.

मेलेल्या गायकावर लोक प्रेम करतात, यात नवल नाही. सैगलवर करतात, फ्रेडी मर्क्युरीवर करतात. पण या दोघांचे आवाज ऐकणाऱ्याला आपल्याकडे ओढून घेतात. एकाच्या आवाजात आर्तता, दुसऱ्याच्या आवाजात थाटमाट. त्सोयकडे यातलं काहीच नाही. मध्यम पट्टीतला, खालच्या अंगाने जाणारा, जवळजवळ सपाट आवाज. कंप नाही, हरकत नाही, ओळीच्या शेवटी सूर लांबवणं नाही. उलट शेवटचा शब्द किंचित खाली टाकून तो मोकळा होतो. शोकाची ओळ आणि बसची वाट पाहण्याची ओळ तो एकाच स्वरात म्हणतो. संगीताच्या परीक्षेत या आवाजाला जेमतेम गुण मिळाले असते. तरीही सोव्हिएत संघाच्या विस्तीर्ण मुलुखात एवढं जिव्हाळ्याचं स्थान मिळवलेला दुसरा रॉक गायक दाखवणं कठीण आहे. हे कसं घडलं, याचा शोध त्या सपाटपणातच घ्यावा लागतो.

त्सोयचा जन्म २१ जून १९६२ रोजी लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा. आई रशियन, व्यायामशिक्षिका. वडील कोरियन वंशाचे इंजिनियर, कझाकस्तानातून आलेले. स्टालिनने १९३७ मध्ये अतिपूर्वेकडच्या कोरियन लोकांना आगगाड्यांत कोंबून मध्य आशियात नेऊन सोडलं होतं, त्या लोकांपैकी हे घराणं. मुलगा कलाशाळेत गेला, तिथून काढला गेला, मग लाकडावरचं कोरीवकाम शिकला. १९८२ मध्ये त्याच्या ‘किनो’ या बँडचा पहिला अल्बम तयार झाला. तो तयार झाला त्या जागेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आंद्रेय त्रोपिलो नावाच्या गृहस्थाने बालभवनासारख्या एका सरकारी संस्थेत मुलांसाठी ध्वनिमुद्रणाचा छंदवर्ग चालवायला घेतला होता आणि त्या आडोशाने लेनिनग्राडमधले निम्मे बंडखोर बँड तो तिथे मुद्रित करत असे.

अल्बम झाला, पण तबकडी निघणार नव्हती. देशात तबकड्या काढणारी कंपनी एकच, ‘मेलोदिया’, आणि ती सरकारी. मग रस्ता उरला तो टेपचा. एकाने दुसऱ्याकडून टेप मागून आणायची, रात्रभर बसून आपल्या यंत्रावर उतरवायची, सकाळी परत द्यायची. त्याच्या आधीच्या पिढीने तर दवाखान्यांतून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर चोरून गाणी कोरली होती, त्या मानाने हे सोपं. पण प्रत्येक उतरवणीत खरखर वाढायची, वाद्यं मागे हटायची. पाचव्या-सहाव्या हातात पोचेपर्यंत शिल्लक राहायचा तो मुख्यतः मधला पट्टा, म्हणजे माणसाचा आवाज. त्सोयचा आवाज नेमका त्या पट्ट्यातला. शिवाय ही गाणी दुकानात मिळत नव्हती. कुणीतरी विश्वासाने दिलेली असायची. वहीच्या कागदावर हाताने लिहिलेली गाण्यांची यादी, देणाऱ्याचं अक्षर, त्याच्या घरचा टेपरेकॉर्डर, हे सगळं त्या आवाजाला चिकटून यायचं. जाहिरातीने लादलेल्या गायकाशी असं नातं जमत नाही.

आता शब्दांकडे वळू. त्सोयच्या गाण्यांत रात्र, पाऊस, ट्रॉलीबस, लोकल गाडी, सिगारेटचं पाकीट, अंगणातली टपोरी पोरं अशा वस्तू आणि माणसं येतात. पक्ष, सरकार, अमुक नेता, तमुक अन्याय यांचं नाव कुठेही नाही. ‘मी’ आहे, ‘आम्ही’ आहे. पण हे आम्ही कोण, कुणाविरुद्ध, ते सांगितलेलं नाही. ‘पेरेमेन’मध्येसुद्धा नाही. गोर्बाचेव्हच्या काळात लोक ते गाणं त्याच्या पेरेस्त्रोइका या सुधारणा-धोरणावरच्या वर्तमानपत्री अग्रलेखासारखं ऐकू लागले, तेव्हा त्सोयने नाराजी दाखवली होती. त्याच्या दृष्टीने ते माणसाच्या आतल्या मोकळेपणाचं गाणं होतं.

इथे आवाज आणि शब्द एकमेकांना मिळतात. शब्द पत्ता सांगत नाहीत आणि आवाज भावना सांगत नाही. गायक स्वतः रडला की ऐकणाऱ्याला फक्त सोबत करायची उरते. त्सोय रडत नाही, त्यामुळे रडायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येऊन पडते. त्या रिकाम्या जागेत प्रत्येकजण आपापलं सामान आणून ठेवतो: कुणी सैन्यातली दोन वर्षं, कुणी तुटलेलं प्रेम, कुणी अफगाणिस्तानातून न परतलेला भाऊ. आणि एकदा सामान ठेवलं की ते घर परकं राहत नाही.

१९८६ ते १९८८ या काळात हा गायक कोळशाच्या बॉयलरवर फायरमन होता. लेनिनग्राडच्या ब्लोखिन रस्त्यावरचं ते बॉयलरघर, टोपणनाव ‘कामचाटका’. नोकरी नसणं हा सोव्हिएत कायद्यात गुन्हा होता आणि रात्रपाळीच्या नोकरीत दिवस मोकळा मिळे, म्हणून शहरातले अनेक संगीतकार असलीच कामं धरत. आज तिथे संग्रहालय आणि क्लब आहे. गंमत अशी की त्याच दशकात सोव्हिएत चित्रपटगृहांत आपल्या मिथुनचा ‘डिस्को डान्सर’ सरकारी आशीर्वादाने तुफान चालत होता. मुंबईच्या झोपडपट्टीतून आलेला, गिटारवाला जिमी पडद्यावर चालत होता. लेनिनग्राडच्या बॉयलरघरातला गिटारवाला मात्र चालत नव्हता.

मग दोनेक वर्षांत बांध फुटला. सेर्गेय सोलोव्योव्ह या दिग्दर्शकाच्या ‘आस्सा’ या १९८७ च्या चित्रपटाचा शेवटच ‘पेरेमेन’ने होतो. पुढच्याच वर्षी अल्माटीत चित्रित झालेल्या ‘इग्ला’ चित्रपटात त्सोय नायक झाला आणि ब्रूस लीच्या या भक्ताने पडद्यावर मनसोक्त मारामारी करून घेतली. त्याच वर्षी आलेला ‘ग्रुप्पा क्रोवी’ हा अल्बम एका मित्राच्या घरी चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर मुद्रित झाला होता; जोआना स्टिंग्रे या अमेरिकन गायिकेने ते यंत्र आणून दिलं होतं. २४ जून १९९० रोजी मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियममध्ये किनोचा कार्यक्रम झाला, तेव्हा हजारोंच्या गर्दीसमोर ऑलिंपिकची ज्योतसुद्धा पेटवली गेली.

तो शेवटचा कार्यक्रम ठरला. १५ ऑगस्ट १९९० च्या दुपारी लाटवियात तुकुम्स गावाजवळ त्सोयची मोस्कविच गाडी समोरून येणाऱ्या बसवर आदळली. तो मासेमारीहून परतत होता. गाडी चालवतानाच डोळा लागला असावा, असा अधिकृत निष्कर्ष. वय अठ्ठावीस.

त्या उन्हाळ्यात तो आणि गिटारवादक युरी कास्पार्यान लाटवियातल्याच एका किनाऱ्यावरच्या गावात नव्या गाण्यांचे कच्चे खर्डे मुद्रित करत होते. मोडलेल्या गाडीच्या सांगाड्यात ती कॅसेट सुखरूप सापडली, अशी दंतकथा पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली. चाहत्यांना ती खरी हवी असते, कारण तिच्यात आवाज शरीराहून चिवट ठरतो. वास्तव साधं आहे: टेप कास्पार्यानकडे होती. पण त्याच्या पुढचं वास्तव दंतकथेहून विलक्षण आहे. मित्राला पुरल्यावर काही आठवड्यांतच किनोची उरलेली माणसं स्टुडिओत बसली आणि टेपवरच्या त्या कच्च्या आवाजाभोवती त्यांनी गिटार, बास, ड्रम भरले. गायक पुन्हा गाऊ शकत नव्हता, म्हणून चुकलंमाकलं तेच अंतिम. वेष्टन काळं ठेवलं गेलं आणि लोकांनी त्या अल्बमला ‘काळा अल्बम’ असंच नाव देऊन टाकलं.

बातमी आली त्या दिवसांत मॉस्कोच्या अरबात भागातल्या एका गल्लीतल्या भिंतीवर कुणीतरी लिहिलं, की आज विक्टर त्सोय मेला. खाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, त्सोय जिवंत आहे. भिंत भरत गेली. ती कितीदा रंगवून टाकली गेली, पुन्हा भरली. लेनिनग्राडच्या बोगोस्लोव्स्कोये दफनभूमीत तर पोरंपोरी तंबू ठोकून राहिली. मॉस्कोच्या भिंतीपाशी मोडलेली सिगारेट ठेवायची रीत पडली. खिशात सिगारेटचं पाकीट असलं की आजचा दिवस अगदीच वाईट नाही, अशा आशयाचं त्याचं एक गाणं आहे. देवळात नारळ फोडावा तशी इथे सिगारेट मोडली जाते.

रिकामी जागा भरून टाकली तर काय होतं, याचं उदाहरण काळ्या अल्बममधल्याच ‘कुकूश्का’ या गाण्याने पुरवलं. कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याचं हे नाव. त्याला आपले उरलेले दिवस विचारायची रशियन लोकसमजूत आहे. २००० साली झेम्फीरा या गायिकेने ते गायलं. २०१५ मध्ये पोलिना गागारिनाने ‘सेवास्तोपोलची लढाई’ या चित्रपटासाठी गायलं आणि ते प्रचंड गाजलं. गागारिनाचा गळा त्सोयच्या दसपट तयारीचा. ती हळू सुरू करते, वाढवत नेते आणि शेवटी सगळं उधळून देते. ऐकताना काटा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण काटा नेमका कुठे यायचा, ते ती ठरवते. दुसऱ्या महायुद्धातल्या एका स्त्री नेमबाजाची कथा त्या गाण्यावर बसली आणि ते युद्धाचं, बलिदानाचं, देशाचं गाणं झालं. त्सोयच्या आवाजात ते एका माणसाचं गाणं होतं, आणि तो माणूस कोण हे ठरलेलं नव्हतं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्याला जेमतेम तीन आठवडे झाले असताना लुझनिकीत पुतिन यांची भव्य सभा झाली. गागारिना त्या मंचावर गायली. त्सोयचा शेवटचा कार्यक्रम झालेलं स्टेडियम तेच.

या रिकाम्या जागेची दुसरी बाजू ती हीच. ज्या घराला दार नाही, तिथे कुणीही शिरतो. मिन्स्कमध्ये ‘आम्ही’ म्हणजे हुकूमशहाविरुद्धचे नागरिक. इतरत्र ‘आम्ही’ म्हणजे रणगाड्यावरचे सैनिक. २०१४ मध्ये रशियन संसदेतल्या येवगेनी फ्योदोरोव्ह नावाच्या सदस्याने तर त्सोयची बदलाची गाणी अमेरिकन गुप्तहेर संस्थेने लिहून दिली होती, असा शोध लावला. बॉयलरवर कोळसा ओढत गाणी रचणाऱ्याला याहून मोठी पावती कुणी दिली नसेल.

मे २०२१ मध्ये मॉस्कोत किनो पुन्हा मंचावर आली. कास्पार्यान गिटारवर, बासवर अलेक्सांद्र तितोव्ह आणि इगोर तिखोमिरोव्ह. ड्रमर गेओर्गी गुर्यानोव्ह २०१३ मध्येच वारला होता. गायक पडद्यावर, आवाज जुन्या मुद्रणांतून सोडवून काढलेला. निर्मिती त्सोयच्या मुलाची, अलेक्सांद्रची. वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. हा भुताटकीचा धंदा आहे, असा आक्षेप घेता येतो. आक्षेप अगदीच खोटाही नाही. तिकिटं काही फुकट नव्हती. पण या बँडने हे काम पहिल्यांदा केलं ते १९९० च्या शरदात, मित्राला नुकतंच पुरलेलं असताना. एरवी मंचावर गायक थांबला की वादक थांबतात, गर्दी उसळली की गायक ओळ पुन्हा घेतो. इथे आवाज कुणासाठीच थांबत नव्हता. साठीकडे झुकलेल्या वादकांना अठ्ठावीस वर्षांच्या माणसाची लय सांभाळायची होती. आणि ज्या गळ्यात लाडीगोडी कधी नव्हतीच, त्याला समोरच्या गर्दीशी गप्पा मारता येत नाहीत याची उणीव इतरांइतकी भासत नाही. फ्रेडी मर्क्युरीबाबत हे जमणं अवघड होतं. त्याचं अर्धं गाणं गर्दीशी चाललेल्या खेळात होतं.

२०२२ मध्ये युक्रेनने रशियन नागरिकांचं संगीत सार्वजनिक जागी वाजवण्यावर कायद्याने बंदी आणली. त्या कायद्यात रेषा १९९१ ची आहे: त्यानंतर जे कधी रशियाचे नागरिक होते, ते गायक बंदीत. त्सोय १९९० मध्येच गेला, त्यामुळे तो कधी रशियाचा नागरिक झालाच नाही. त्याचं नागरिकत्व ज्या देशाचं, तो देश त्याच्यानंतर दीड वर्षाच्या आत संपला. वडिलांचं गाव कझाकस्तानात, कबर रशियात, ‘पेरेमेन’ची सर्वांत गाजलेली फेरी बेलारूसमध्ये आणि अपघाताच्या जागेवरचं स्मारक लाटवियात. ज्या टेपा एकेकाळी या सगळ्या मुलुखात हातोहात फिरल्या, तिथे आता सीमाचौक्या आहेत. सप्टेंबर २०२२ पासून लाटवियाने रशियन पर्यटकांना प्रवेश बंद केला आहे. तेव्हा पीटर्सबर्गच्या साध्या चाहत्याला कामचाटकाचं बॉयलरघर पाहता येतं, बोगोस्लोव्स्कोयेला जाता येतं. तुकुम्सला मात्र जाता येत नाही. तिथे फुलं ठेवायचं काम आता लाटवियातल्या चाहत्यांकडे आहे.