विसाचा आकडा

नर्सिंगच्या जीएनएम कोर्सची ३ वर्षं संपवून ती कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रुजू झाली. तिचं गाव नांदेडकडचं, इथे ओळखीचं कुणी नाही. म्हातारीच्या हातातली शीर सुई दिसताच पळते, हे पुस्तकात नव्हतं, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. रात्रपाळीला ३० खाटांमागे सिस्टर एक आणि मावशी एक. डबा उघडायला पहाट व्हायची. सलाईन संपत आलं की चार नातेवाईक एकदम ओरडणार, आणि बोलणी सिस्टरनेच खायची, कारण डॉक्टर तिथे नसतात.

वॉर्डात तिची एक खोड चेष्टेचा विषय झाली होती. टीपीआर घेताना ताप बघायची, नाडी बघायची आणि मग घड्याळ समोर धरून पेशंटच्या छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर उभी राहायची. श्वास मोजायची. बाकीच्या सिस्टरांच्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. न्यूमोनियाच्या आजोबांना २०, पाय मोडलेल्या तरुणालाही २०. यात लबाडीच असते असं नाही. कामाचा डोंगर असला की जे कुणी विचारत नाही, ते आधी सुटतं.

"अगं, वीस टाक आणि पुढे चल," सीनियर सिस्टर म्हणाल्या. "होशील सरळ हळूहळू."

मे महिन्यातल्या एका रात्री नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला. जळणाची लाकडं काढताना लाल विंचू चावलेला. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली, सूचना लिहिल्या आणि ते अडलेल्या बाळंतिणीकडे गेले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, तेव्हापासून कोकणातली कितीतरी माणसं वाचली. पण गोळी दिली म्हणजे काम संपलं असं नाही. पुढचे कित्येक तास पेशंटवर डोळा ठेवावा लागतो.

मुलगा रडत नव्हता. मामाला वाटलं, उतरलं विष. लाल विंचवाच्या बाबतीत मात्र गप्प पोराचीच धास्ती जास्त. दुखणं थोडं, पण अंगाला दरदरून घाम आणि हातपाय गार, म्हणजे लक्षण बरं नाही. तिने तळपाय चाचपला, गार होता. मग घड्याळ धरून उभी राहिली.

"अहो सिस्टर, नुसत्या उभ्या काय? काहीतरी करा की!" मामा ओरडला.

तिने मान वर केली नाही. ४४. पुन्हा मोजलं, ४६. मुलगा खोकू लागला. तिने त्याला टेकून बसवलं, ऑक्सिजन लावला आणि मावशींना लेबर रूमकडे पळवलं.

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. "फुफ्फुसात पाणी व्हायला लागलंय. वेळेत बोलावलंत."

उरलेली रात्र धावपळीत गेली. दर पंधरा मिनिटांनी ती मोजत होती, मध्येच दुसऱ्यांची सलाईनं बदलत होती, आणि युरीन पॉट द्यायला उशीर झाला म्हणून एका आजोबांच्या शिव्याही तिने खाल्ल्या. उजाडताना मुलाचा पाय हाताला ऊबदार लागला. श्वास २४. पोराने चहा मागितला. या नोकरीत असं सुख रोज मिळत नाही. त्या सकाळी तिला ते पोटभर मिळालं.

आई डॉक्टरांच्या पाया पडली. मामा सिस्टरला म्हणाला, "रातभर घड्याळच बघत होतात. ड्युटी कधी सुटते, असंच ना?"

तिला हसू आलं.

चार्ज घ्यायला आलेल्या सीनियर सिस्टरांनी चार्ट उचलला. ४४, ४६, ४०, ३४, २८, २४. बोलल्या काहीच नाहीत. सकाळच्या टीपीआरला मात्र पहिल्या खाटेपाशी त्या पूर्ण मिनिटभर थांबल्या.

तुम्ही कधी कुणाच्या उशाशी वॉर्डात बसलात आणि सिस्टर घड्याळ धरून पेशंटच्या छातीकडे बघत गप्प उभी दिसली, तर तेवढं एक मिनिट तिला हाक मारू नका.