साथ कोणाला करावी?

कोहक्यातील आमच्या घराच्या माडीवर गेले काही महिने रात्री उशिरापर्यंत टकटक ऐकू येते. आमचा भाचा तेथे रबरी तबकड्यांच्या, विजेवर चालणाऱ्या ड्रमवर काठ्या चालवीत बसलेला असतो. त्याच्या कानांवर हेडफोन असतात. त्यामुळे जे काही तुंबळ संगीत चालले असेल ते एकट्या त्यालाच ऐकू येते, आणि घरातल्या इतरांच्या वाट्यास रबरावर आपटणाऱ्या लाकडाचा कोरडा आवाज तेवढा येतो. शेजाऱ्यांची तक्रार नाही. आमचीही नव्हती. परंतु गेल्या महिन्यात त्याने सहज बोलता बोलता एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून एका प्रश्नाने आमच्या मनात ठाण मांडले आहे.

तीन निरनिराळ्या देशांत राहणाऱ्या तिघांच्या एका समूहाने आपल्या नव्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याला ड्रमची साथ करण्याचे निमंत्रण दिले आहे. त्या तिघांपैकी कोणालाही तो भेटलेला नाही. एकाने गिटारीचा आराखडा वाजवून पाठवायचा, याने त्यावर ठेका धरून तो परत धाडायचा, दुसऱ्याने त्यात खर्जाचे स्वर भरायचे, आणि सर्वांत शेवटी गाणाऱ्याने आपल्या घरी बसून शब्द चढवायचे, अशी ही योजना. संगीताचा प्रकार 'ब्लॅक मेटल'. हे नाव व्हेनम नावाच्या ब्रिटिश समूहाच्या 1982 सालच्या ध्वनिमुद्रिकेवरून पडले, असे आम्हांस सांगण्यात आले. पोलादाच्या कारखान्यात हयात घालविलेल्या माणसाला 'मेटल' म्हटले की झोतभट्टीतून वाहणारा तप्त रसच आठवतो. येथे त्याला सगळे 'हॉट मेटल' म्हणतात. तेव्हा ब्लॅक मेटल म्हणजे थंड झालेले असणार, असा एक विनोद आम्ही करून पाहिला. भाच्याने तो सोसला.

"गाण्याचे शब्द कशाविषयी आहेत?" असे आम्ही विचारले.

"शब्द अजून आलेले नाहीत, मामा. ड्रम आधी मुद्रित होतो. शब्द शेवटी."

त्याने हे इतक्या सहजपणे सांगितले की त्यात काही वावगे असेल असे त्याच्या मनातही नसावे. आमच्या मनात मात्र ते अडकून राहिले. ज्याचा अर्थ अद्याप ठरलेला नाही त्या वाक्याला आधीच 'हो' म्हणून ठेवण्यासारखे हे नाही काय?

साथीचा आपल्याकडचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. पोवाड्यातला झीलकरी शाहिराच्या मागे उभा राहून 'जी जी' म्हणतो, तेव्हा तो केवळ सूर लांबवीत नसतो. शाहिराने जे सांगितले ते आपणांस मान्य आहे, अशी ग्वाही तो श्रोत्यांसमोर देत असतो. या छत्तीसगढात तर साथीची कल्पना आणखी पुढे गेलेली आहे. पंडवानीत मुख्य कथेकऱ्याबरोबर एक 'रागी' असतो. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, आश्चर्य व्यक्त करतो, आणि कथा पुढे जाते ती त्याच्या प्रश्नाच्या रेट्याने. 2019 साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, आणि भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीलाही होत्या. त्यांच्या हातातला तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो हे सर्वांच्या लक्षात राहते. आमचे लक्ष मात्र नेहमी बसलेल्या रागीकडे जाई. तो नसता तर ती कथा म्हणजे नुसते भाषण झाले असते. रागीला कथा ठाऊक असते आणि तरीही तो विचारतो. त्याच्या साथीत विचारण्याचा अधिकार गृहीत धरलेला आहे.

माडीवरच्या उद्योगात हा अधिकार कोठे आहे, हे आम्ही शोधू लागलो. भाच्याच्या कानात एक यांत्रिक ठोका वाजत असतो, त्याला 'क्लिक' म्हणतात. त्या ठोक्याला बांधून घेऊन प्रत्येकाने आपापल्या घरी वाजवायचे, म्हणजे सगळे तुकडे पुढे नेमके जुळतात. मैफलीत गायकाने सम किंचित लांबविली तर तबलजी थांबतो, आणि तबलजीने एखादी तिहाई अनपेक्षित टाकली तर गायक हसून तिला जागा देतो. क्लिक कोणासाठी थांबत नाही, हसतही नाही. येथे एकाने दुसऱ्याला ऐकायचे ते दुसऱ्याचे वाजवून संपल्यानंतर. एवढ्यावरून आम्ही असा निष्कर्ष काढण्याच्या बेतात होतो की, एका छपराखाली बसल्याशिवाय साथ नाहीच. जे चालले आहे ते नुसते जोडकाम आहे.

हा निष्कर्ष टिकला नाही. भाच्याने आम्हांस या संगीताचा इतिहास सांगितला. आम्ही तो पुढे वाचून पडताळला, आणि त्यातल्या एका प्रकरणाने आमची झोप उडविली.

नॉर्वेमध्ये 1984 साली स्थापन झालेला 'मेहेम' नावाचा एक समूह आहे. तो प्रथमपासूनच सीमेपलीकडच्या माणसांवर वाढला. त्याचा गायक पेर इंग्वे ओलीन हा स्वीडनचा. टपालाने संपर्क साधून तो 1988 साली त्यांच्यांत सामील झाला, आणि 8 एप्रिल 1991 रोजी त्याने आत्महत्या केली. मागे राहिली ती त्याने लिहिलेली गीते. ती गाण्यासाठी पुढे हंगेरीहून आतिला चिहार यास बोलाविण्यात आले. नॉर्वेतील बर्गेन शहरात, एडवर्ड ग्रीग या संगीतकाराच्या नावाने उभ्या असलेल्या ग्रीगहालेन या सभागृहात ध्वनिमुद्रण झाले. गिटारीवर समूहाचा म्होरक्या ऑयस्टाइन ऑर्सेथ होता, बेस गिटारीवर व्हार्ग विकर्नेस, ड्रमवर यान आक्सेल ब्लॉमबर्ग. ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होण्यापूर्वीच, 10 ऑगस्ट 1993 रोजी, विकर्नेसने ऑस्लोमध्ये ऑर्सेथच्या घरी जाऊन त्याचा भोसकून खून केला. या खुनाबद्दल आणि चर्चे जाळल्याबद्दल 1994 साली त्याला 21 वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ती ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. तिच्यावर खून झालेला आणि खून करणारा दोघेही वाजवीत आहेत, एकाच लयीत, चुकीला जागा न ठेवता.

मृताच्या आईवडिलांनी विनंती केली होती की, आमच्या मुलाच्या मारेकऱ्याचे वादन तेवढे काढून टाका. ते काढून नव्याने वाजविले जाईल, असे ड्रमवादकाने कळविले. ते काढले गेले नाही. खुनी आणि मृत एकाच ध्वनिमुद्रिकेवर असावेत हेच आपणांस योग्य वाटले, असे त्याने पुढे उघडपणे सांगितले.

या ड्रमवादकाविषयी आम्ही पुष्कळ विचार केला. ध्वनिमुद्रिकेपुरते पाहिले तर त्याचे चुकले असे आम्हांस वाटत नाही. जे घडले ते घडले होते. त्या दोघांनी मिळूनच ते संगीत केले होते, आणि एकाचा हात पुसून टाकला असता तर दुसऱ्याचे वादनही खोटे झाले असते. परंतु हे त्याने त्या आईवडिलांस तोंडावर सांगावयास हवे होते. तसे सांगणे फार कठीण होते, हे उघड आहे. त्याने सोपी वाट धरली. होकार दिला आणि नंतर गप्प राहिला. संगीताशी प्रामाणिक राहून माणसांशी अप्रामाणिक होता येते, याचे इतके उघडे उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही.

आणि आमच्या छपराच्या सिद्धान्ताचे काय झाले? एकाच समूहात, एकाच ध्वनिमुद्रणात बसलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याचा जीव घेतला. उलट मुंबईच्या साहिल मखीजा यांचे काम पाहावे. 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा त्यांचा समूह. त्याच्या 2017 सालच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'दशावतार' आहे. कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या दशावतारी खेळांशी तिचा सूर जुळणारा नाही, पण मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम तोच. 'डेमनस्टीलर' या नावाने ते स्वतंत्र रचनाही करतात, आणि त्यांच्या 2016 सालच्या ध्वनिमुद्रिकेवर ग्रीसच्या जॉर्ज कोलियास या नामांकित वादकाचा ड्रम आहे. 2023 सालच्या 'द प्रोपगंडा मशीन'मध्ये तर अनेक वादक परदेशचे. अपप्रचाराविरुद्धची आपली चीड तीत त्यांनी शब्दांत मांडलेली आहे. ध्वनिमुद्रिकेचे नावच काय ते सांगते. मुंबईतल्या माणसाच्या चिडीला परदेशातल्या हातांनी ठोका द्यावा, याला साथ म्हणू नये तर काय म्हणावे? छप्पर नाही म्हणून साथ नाही, हे आमचे म्हणणे येथे कोसळले. समुद्रापलीकडच्या त्या वादकालाही आपण कशाला ठोका देत आहो हे विचारता येते, आणि उत्तर मिळविता येते.

म्हणून आम्ही भाच्याला म्हणालो, "आधी शब्द मागव." हा काही म्हातारपणाचा संशय नव्हता. या संगीतातल्या काही समूहांनी वंशद्वेष आणि नाझी विचार उघडपणे मिरविलेले आहेत, हे त्यानेच आम्हांस सांगितले होते. निमंत्रण देणारे तिघे तसे असतील असे नव्हे. ते सज्जनही असतील. परंतु ठेका देऊन झाल्यावर, त्यावर कोणाच्या तरी मृत्यूची आकांक्षा गायली गेली, तर तो ठेका परत कसा मागणार?

यावर भाचा जे बोलला त्याने आम्ही निरुत्तर झालो, आणि काही अंशी अजूनही आहो.

"मामा, तुम्ही तीस वर्षे रूळ बनवलेत. त्या रुळांवरून कोण कोठे गेले, हे कधी विचारलेत का?"

आम्ही रेल मिलमध्ये होतो. दंगलीच्या काळात त्या रुळांवरून माणसे पळाली असतील, दंगल करणारेही गेले असतील. आम्ही विचारले नाही. विचारले असते तर कारखाना एक दिवसही चालला नसता. पुष्कळ विचारान्ती आम्ही त्याला एवढे सांगू शकलो की, रूळ कोणा एकाची बाजू घेत नाही. गाण्यातला ठेका मात्र त्या एकाच गाण्याचा असतो आणि त्यातल्या शब्दाला जोर देण्यासाठीच असतो. शिवाय रूळ अगदीच बेजबाबदार नसतो. त्याच्या अंगावर कारखान्याचे चिन्ह आणि वर्ष उठावाच्या अक्षरांत असते, हीट नंबर ठोकलेला असतो. कोठे रूळ तडकला तर तो कोणत्या दिवशीच्या पोलादाचा, हे शोधून काढता येते. आपल्या कामातल्या दोषाचे उत्तर आम्ही देत होतो. प्रवाशाच्या पापाचे उत्तर आमच्याकडे कोणी मागितले नाही, एवढे खरे.

भाच्याला हे उत्तर अर्धवट वाटले. आम्हांलाही तसेच वाटते.

मग बोलणे या गावाकडे वळले. भिलाईसुद्धा सीमा ओलांडूनच झालेली आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. आराखडे तिकडून येत. पण नुसते आराखडे पाठवून कोणी मोकळे झाले नाही. तिकडचे शेकडो तज्ज्ञ येथे येऊन राहिले, इकडचे तरुण इंजिनिअर शिकण्यासाठी तिकडे गेले. भाषा येत नसे. दुभाष्याला मध्ये घेऊन, हातवारे करून, भट्टीच्या तोंडाशी उभे राहून एकमेकांस विचारावे लागे. हे सांगत असता आमच्या लक्षात आले की आपण नकळत पुन्हा छपराकडेच चाललो आहो. भाच्याच्याही ते लक्षात आले असावे. तो म्हणाला, "विचारायला भट्टीपर्यंत जावे लागत नाही, मामा. पत्र पुरते."

दुसऱ्या दिवशी त्याने ते लिहिले. शब्द वाचल्याशिवाय ड्रम पाठविणार नाही, असा सरळ मजकूर. इतके रोखठोक लिहू नये, असे आमच्या बहिणीचे मत पडले. पहिलीच परदेशची संधी, ती हातची जाईल, ही तिची काळजी खोटी नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. शब्द अजून लिहून झालेले नाहीत, विषय मृत्यू आणि हिवाळा असा असेल, तू ड्रम पाठव, बाकीचे पुढे पाहू, असे त्यात होते. आम्ही ते दोघांनी मिळून वाचले. 'मृत्यू' एवढ्यावरून काही समजत नाही. मृत्यूवर सर्वच लिहितात. हिवाळ्याविषयी आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते.

भाच्याने पुन्हा लिहिले आहे की, थांबतो. त्या गोष्टीला आता अकरा दिवस झाले. सहापैकी चार गाण्यांचा ड्रम त्याने वाजवून तयार ठेवलेला आहे, तो त्याच्या संगणकात आहे. पाचव्या गाण्याचा सराव चालू आहे. हे लिहीत असता वरून टकटक ऐकू येत आहे. मध्येच ती थांबते, बहुधा तो पत्र आले का ते पाहत असावा, आणि पुन्हा चालू होते.